होमपेजवरची आनंदीकाकू

माझं तोंड बघून माणसांना जेवण जाणार नाही, असं माझ्या पोटच्या पोराने ठरवलं. माझ्या तोंडावर बोलला नाही हं. बोलला असता तर दोन लगावून मी मोकळी झाले असते. त्याने काय केलं, वेबसाइट काढली आणि तिच्यावर माझ्या नावाखाली दुसरीच बाई आणून बसवली. आजही आठवलं की घशाशी येतं.

मी आनंदी नरहरी सावे. राहणार शिरगाव. पालघरहून सातपाटीच्या रस्त्याला लागलात की मध्ये आमचं गाव. आमची वाडी आहे, नारळ, सुपारी, केळी, मागच्या अंगाला चिकू. हे होते तोवर वाडी हे बघायचे आणि मी गावची बालवाडी चालवायचे. आता हे नाहीत, तीन वर्षं झाली. वाडी गोमा बघतो. गोमा आमच्याकडे लग्नाआधीपासून आहे, म्हणजे त्याच्याही आणि माझ्याही.

आणि मला कोड आहे. सांगून टाकते, उगाच नंतर कशाला. हनुवटीवर, ओठाच्या कोपऱ्यात आणि दोन्ही हातांच्या बोटांवर पांढरे डाग आहेत. या पोराच्या, शैलेशच्या बाळंतपणानंतर आले. दुखत नाहीत, खुपत नाहीत, कुणाला लागत तर मुळीच नाहीत. याच हातांनी मी अर्ध्या गावाची पोरं खिचडी भरवून मोठी केली. आमच्या ह्यांनी तर जन्मात एकदाही विषय काढला नाही. भाकरी ताटात पडली की म्हणायचे, "अजून एक टाक." बस, एवढंच.

शैलेश तारापूरला एका कंपनीत स्टोअरला होता. तिथे माणसं कमी केली, त्यात हा घरी बसला. आठवडाभर नुसता झोपाळ्यावर बसून फोन चोळत होता. मला बघवेना. मग एक दिवस उठून म्हणाला, "आई, आपण होमस्टे काढू. वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत. समुद्र जवळ, वाडी आहे, आणि तुझ्या हातचं जेवण. मुंबईची माणसं मरतात अशा जेवणासाठी." मला काय, आनंदच झाला. पोरगा हात-पाय हलवायला लागला म्हटल्यावर कुठली आई नको म्हणेल? नाव पण त्यानेच ठरवलं, 'आनंदीकाकूंचं घर'. मी लाजले थोडी. खोटं कशाला बोलू.

वेबसाइट त्याने स्वतः केली. मला वाटायचं, त्याला इंजिनियर लागतो. म्हणाला, "छे गं, कोडिंगचं एक अक्षर लागत नाही. सगळं तयार मिळतं." आणि खरंच तसं होतं. मी शेजारी खुर्ची टाकून बसायचे, शेंगा सोलत. आधी त्याने नाव विकत घेतलं, मग जागा भाड्याने घेतली, इंटरनेटवरची जागा म्हणे. मग थीम निवडली. थीम म्हणजे आयतं बांधलेलं घर, रंगासकट. आतलं सामान तेवढं आपण लावायचं. पहिल्यांदा उघडलं तर आमच्या घराच्या नावाखाली कुठल्याशा बर्फाच्या डोंगरातलं लाकडी घर! मी हसून हसून बेजार. त्याने ते काढलं आणि आमच्या अंगणाचा फोटो ओढून तिथे सोडला. बसला की बरोबर! मजकुराचा चौकोन हवा, ओढा नि सोडा. बुकिंगचं कॅलेंडर हवं, एक प्लगइन, म्हणजे आयता जोड, टाका. बाहेरच्यांना दिसायला हवं, 'प्रकाशित करा' दाबा. मला फार आवडलं ते. बालवाडीत फळ्यावर कागदाची चित्रं चिकटवायचे, तसंच.

मग मलाही त्याने एक लॉगिन दिलं. म्हणाला, "तू पाककृती लिही." मी फोनमध्ये बोलायचे, अक्षरं आपोआप उमटायची. कंद-शेंगांची उकडहंडी लिहिली, वालाचं बिरडं लिहिलं, ओल्या बोंबलाचं कालवण लिहिलं. फक्त एक होतं, माझ्याकडे 'प्रकाशित करा' हे बटण नव्हतं. माझ्या बटणावर लिहिलेलं होतं 'तपासणीसाठी पाठवा'. पाठवलं की शैलेशकडे जाणार, त्याने पास केलं तर दिसणार. मी विचारलं, हे काय रे? म्हणाला, "तुझ्या हातून चुकून काही उडू नये म्हणून." मी म्हटलं, असेल बाबा.

एक दिवस सगळं झालं म्हणून मला दाखवायला बसला. पहिलंच पान, आणि त्यावर भली मोठी बाई! गोरीपान, गालाला खळी, हिरवं नऊवारी, हे एवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, कोपरापर्यंत बांगड्या. चुलीपुढे बसून हसतेय. चुलीत राखेचा कण नाही की बाईच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. आणि खाली अक्षरं, 'तुमचीच, आनंदीकाकू'.

"ही कोण?"

"अगं, ती फुकटच्या फोटोंच्या साइटवरून घेतलीय. तात्पुरती. तुझा फोटो काढला की बदलू."

सून किंजल बिचारी लगेच उठली. मला जांभळी पैठणी नेसवली, केळीपाशी उभं केलं, फोटो काढले. एक तर खरंच चांगला आला होता. तो चढवलेला पण मी पाहिला. फोटो साठवायची जी जागा असते ना तिथे, डाळीच्या नि खोल्यांच्या फोटोंच्या मध्ये मी उभी होते. तिथेच राहिले. पहिल्या पानावर गेले नाही. आज करतो, उद्या करतो, थीम बिघडेल, आकार बसत नाही. कारणं काय, पैशाला पासरी.

सातपाटीची साखरबाई आमच्याकडे मासळी घेऊन येते. टोपली उतरवली की आधी पाणी, मग गप्पा, मग भाव. तिला मी कौतुकाने फोन दाखवला. तिने डोळे बारीक केले.

"ही कोण गो? नाव तुजं न् थोबाड दुसरीचं?"

"तात्पुरती आहे."

"तात्पुरती? अगो हिला कोलंबी सोलता तरी येते काय? नखं बघ हिची! न् तू गप बसलीस? माज्या नावावर कोन दुसरी टोपली घेऊन बसली असती ना, तर बाजारात तिच्या झिंज्या उपटल्या असत्या मी."

मी हसण्यावारी नेलं. पण ते मनात रुतलं.

पाहुणे यायला लागले. पहिल्याच शनिवारी शैलेश बोईसरहून येताना एक खोकं घेऊन आला. प्लास्टिकचे हातमोजे. "आई, वाढताना हे घालत जा. हायजीन." मी म्हटलं, बरं. दवाखान्यात घालतात तसे पांढरे मोजे घालून मी गरम भाकऱ्या वाढल्या. प्लास्टिक भाकरीला चिकटत होतं. किंजलला मात्र मोजे नव्हते. किंजल उघड्या हातांनी वाढत होती. माझ्या ध्यानात आलं, पण मी स्वतःलाच म्हटलं, नाही, असं नसेल.

दुसऱ्या शनिवारी म्हणाला, "आई, तू दमतेस. तू आतच थांब. वाढायचं किंजल बघेल."

मी किंजलला मागीलदारी धरलं. "खरं सांग."

ती माझ्याकडे बघेना. "आई, मी त्यांच्याशी भांडले. ते म्हणतात, लोकांना माहीत नसतं, लोक घाबरतात. हात बघून एखादा पानावरून उठला आणि साइटवर वाईट लिहून गेला तर संपलं सगळं."

शी! मला स्वतःच्या घराची शिसारी आली. कोण कुठले लोक, त्यांनी काही म्हटलेलं नाही, पाहिलेलं नाही. त्यांच्या वतीने माझाच मुलगा माझा विटाळ मानून बसला. याला मी याच बोटांनी मऊ भात कालवून भरवला होता. तेव्हा बरे चालले डाग! त्या रात्री मी जेवले नाही. पण बोलले पण नाही, हे माझंच कपाळ. नोकरी गेलेला पोरगा, आत्ता कुठे तोंडावर जरा रंग आलाय, त्याला कशाला टोचा. आपण आयांना ही खोडच असते.

तर मी आत आणि आनंदीकाकू पुण्याला. हो, पाहुणे विचारायचेच ना, "काकू कुठायत?" शैलेश सांगायचा, "पुण्याला गेल्यात, बहिणीकडे." मी भिंतीच्या अलीकडे खोबरं वाटत ऐकायचे. एकदा एक बाई पाणी मागायला थेट स्वयंपाकघरात आली. चांगली होती, हसरी. म्हणाली, "मावशी, हात काय आहे हो तुमचा! किती वर्षं कामाला आहात काकूंकडे?"

मी म्हटलं, "लग्न झाल्यापासून."

यातही मी दिवस काढले असते. पण मग तो मितेश आला.

मितेश म्हणजे फोनवर खाण्याचे व्हिडिओ टाकतो तो. लाखांनी लोक बघतात म्हणे. त्याचा शैलेशला मेसेज आला, 'आनंदीकाकूंवर एपिसोड करायचाय'. शैलेश घरभर नाचला. नाचून झाल्यावर मटकन बसला, कारण आनंदीकाकू आणायची कुठून? मी तिथेच होते. कांदा चिरत होते. माझ्याकडे त्याने बघितलं पण नाही.

शुक्रवारी सकाळी रिक्षातून एक बाई उतरली. बोईसरची रत्नाबाई. शैलेशबरोबर कंपनीत असलेल्या ज्ञानेशची आई, मूळची जळगावकडची. गोरी, भरल्या अंगाची, गालाला खळी. मी तिला बघितलं आणि काय ते ओळखलं. अगदी त्या फोटोतली नव्हती, पण कॅमेऱ्याला चालून गेली असती. शैलेशने तिला आमच्या खोलीत नेलं, आमच्या म्हणजे माझ्या आणि ह्यांच्या. किंजलच्या लग्नात मी घेतलेलं हिरवं नऊवारी तिला नेसवायला काढलं. किंजल नको नको म्हणत होती, हा ऐकेना.

रत्नाबाई नटून स्वयंपाकघरात आली आणि माझ्या पाया पडली. मी मागे सरले.

"ताई, आता बरं वाटतं का तुम्हाला?" तिने मोठ्याने, सावकाश विचारलं, बहिऱ्या माणसाला विचारतात तसं. "शैलेशसाहेबांनी सांगितलं, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. चार लोकांत बोलता येत नाही म्हणून मला बोलावलं. तुम्ही काळजी करू नका, मी नीट करीन. फक्त त्या बोंबलाला काटा कसा असतो, ते एकदा दाखवा. आमच्याकडे हा मासा नाही मिळत."

तिचा काय दोष? तिला मदत करतोय असंच वाटत होतं. मी तिला बोंबील दाखवला. डोकं कसं काढायचं, मधला काटा कसा ओढायचा. आणि दाखवता दाखवता ते शब्द डोक्यात फिरत राहिले. डोक्यावर परिणाम. माझ्या डोक्यावर परिणाम! आधी हात लपवले, मग तोंड लपवलं, आता डोकंही काढून घेतलं पठ्ठ्याने.

मितेश आला. बरोबर कॅमेरा धरणारी एक मुलगी. रत्नाबाईला झोपाळ्यावर बसवलं. मी खिडकीच्या गजाआडून बघत होते, हातात भाकरीचं पीठ. रत्नाबाई पाठ केलेलं म्हणत होती, "ही उकडहंडी मी माझ्या सासूबाईंकडून शिकले." माझ्या सासूबाई! त्या बोलल्या असत्या तिथेच येऊन, अशी त्यांची जीभ होती. मी हसले पण जरा. इतकं घाण वाटत होतं की हसूच आलं.

आणि मग मितेशने विचारलं, "काकू, आणि काका कुठे आहेत?"

आता बघा. त्या फुकटच्या फोटोतल्या बाईला कुंकू होतं, मंगळसूत्र होतं, हिरव्या बांगड्या होत्या. शैलेशने तिला बघून रत्नाबाईला हुबेहूब तसंच सजवलं होतं. एवढा हुशार, दिवसभर चौकोन ओढून सोडणारा, पण त्याच्या डोक्यातच आलं नाही की कुंकवाच्या बाईला नवरा लागतो. आमच्याकडे तर दारात पाय ठेवल्या ठेवल्या माणूस विचारतं, "काका कुठायत?" रत्नाबाईने शैलेशकडे बघितलं. तिच्या पाठांतरात काका नव्हते.

शैलेशने एक क्षण विचार केला असेल नसेल. म्हणाला, "बाबा वाडीत आहेत. बोलावतो ना!"

मला वाटलं, सांगेल की सापडले नाहीत, लांब गेलेत. मितेश खूश झाला, "वा, दोघांचा झोपाळ्यावरचा शॉट घेऊ. म्हातारपणातलं प्रेम, लोकांना फार आवडतं." शैलेश आत आला, माझ्यासमोरून गेला, खोलीतलं कपाट उघडलं. मी पीठ तसंच ठेवून दारापर्यंत गेले. तो मागच्या दाराने बाहेर पडलेला होता.

थोड्या वेळाने झोपाळ्यावर रत्नाबाईशेजारी गोमा बसलेला होता. अंगात ह्यांचा पांढरा सदरा. वर ह्यांचं काळं जाकीट, देवळाच्या पालखीला घालायचे ते. डोक्यावर ह्यांची टोपी. सदरा गोमाला लांब होत होता. बाह्या दुमडल्या होत्या. मी तो सदरा ते गेल्यापासून धुतला नव्हता. कुणाला सांगितलं नव्हतं मी हे, पण धुतला नव्हता. कधीमधी कपाट उघडून नाक लावायचे त्याला.

गोमाने मान खाली घातली होती. मितेश म्हणत होता, "काका, जरा हसा की! काकूंच्या हातावर हात ठेवा."

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, ती कशी जाते ते मला त्या दिवशी कळलं. पायात चप्पल नाही, हात कोपरापर्यंत पिठाचे. मी अंगणात गेले.

"गोमा, काढ तो सदरा."

गोमा ताडकन उठला. त्याच्या डोळ्यांत पाणी. "काकी, शैलेशभाऊ बोलला, तुमीच सांगितलाय घालाया. मी तुमचं नाव ऐकून घातला. आईशप्पत."

"तुझं काही नाही गोमा. काढ आणि माझ्याकडे दे."

"आई, आत जा," शैलेश पुढे आला. हळू आवाजात, दात दाबून. मग मितेशकडे वळून हसत, "सॉरी, आमच्या मावशी जरा..." आणि त्याने कपाळापाशी बोट फिरवलं.

झालं. मी ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते तशी. नारळावरचे कावळे उडाले असतील.

"मावशी? कोणाची मावशी रे? मी तुझी आई! आनंदी नरहरी सावे ती मी! ते बघ, हे बघ हात, नीट बघ, पीठ लागलंय ते वेगळं, हे डाग वेगळे! हे डाग तू जन्मलास तेव्हा आले! ह्याच हातांनी रांधलेलं सगळे चाटूनपुसून खातात आणि तू मला मोजे घालतोस? आणि तुझा बाप मेला, शैलेश! तुझा बाप मेला! तू स्वतः अग्नी दिलास त्याला! दुसऱ्याच्या अंगात त्याचा सदरा घालून झोपाळ्यावर बसवतोस? लाज कुठे विकलीस? मला वेडी ठरवलंस, बापाला जिवंत केलंस, अरे किळस येते मला तुझी, माझ्याच पोटाची किळस येते!"

मग माझा आवाजच बसला. रत्नाबाईने पदराने कुंकू पुसायला घेतलं होतं. किंजल रडत होती. शैलेश खाली बघत उभा.

आणि मितेश त्या पोरीला हळूच म्हणाला, "घेतलंस ना?"

ती म्हणाली, "हो, सगळं."

मग तो माझ्याजवळ आला. अगदी नम्रपणे. म्हणाला, "काकू, कमाल! फक्त ते 'तुझा बाप मेला' तेवढं एकदा परत बोलाल का? मध्ये वारा आला."

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. देवाशपथ सांगते, त्याला खरंच काही वावगं वाटत नव्हतं. मी सदरा घेतला, आत गेले, कडी लावली.

संध्याकाळी शैलेश दाराशी बसून रडला. "आई चुकलो, आई उघड, मी बदलतो सगळं, तुझा फोटो लावतो." बराच वेळ रडला. मी उघडलं. पायांवर डोकं ठेवलं त्याने. आई काय करणार? मी म्हटलं, त्या बाईला आधी काढ तिथून. म्हणाला, "काढतो, शपथ."

आणि त्याने काढली खरंच. शब्द पाळला. चार दिवसांनी किंजलने फोन माझ्यासमोर धरला आणि उठून गेली.

पहिल्या पानावर मी होते. पैठणीतली, केळीजवळची नव्हे. अंगणातली. तोंड वासलेलं, डोळे बाहेर, केस सुटलेले, दोन्ही हात पुढे, आणि डाग तर असे उजळ करून दाखवलेले की आधी तेच दिसावेत. वर लिहिलेलं, 'खरी आनंदीकाकू'. त्याच्या खाली, 'डाग लपवत नाही, चव लपत नाही'. आणि त्याच्या खाली हिरवं बटण, 'आताच बुक करा'.

मितेशचा व्हिडिओ सगळीकडे गेला होता. कॅलेंडर भरलं होतं. दिवाळीपर्यंत एक खोली रिकामी नाही.

मी माझं लॉगिन उघडलं. त्या पानाला हात लावायचा मला हक्क नाही, असं ते सांगायला लागलं. मग मी पाककृतीच्या जागी लिहिलं, 'हा माझा फोटो काढा. मी कोणाला परवानगी दिलेली नाही. आनंदी सावे.' आणि बटण दाबलं. उत्तर आलं, 'तपासणीसाठी पाठवले.' ते अजून तिथेच पडलंय. शैलेशला विचारलं तर म्हणाला, "आई, तुलाच तर तुझा फोटो हवा होता ना? आणि बघ, कुणालाच काही वाटत नाही गं डागांचं! उलट लोक येतायत. माझंच चुकत होतं." हे तो मनापासून बोलत होता. डोळ्यांत कौतुक.

मोजे गेले. आता मीच वाढते. मीच वाढावं असं सगळ्यांना हवं असतं. माझ्या हातांचे फोटो काढतात, भाकरीसकट.

मागच्या रविवारी ठाण्याची माणसं होती. दोन जोडपी, एकाची आई. पानं मांडली, कालवण वाढलं, भात वाढला, वर लिंबाची फोड ठेवली. पहिला घास घेतला नाही तोच त्यातल्या एकाने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "काकू, ते एकदा करून दाखवा ना."

"काय?"

"ते हो! 'तुझा बाप मेला' वालं. आम्ही त्याच्यासाठीच आलोय."

त्याची बायको हसली. म्हणाली, "छळू नकोस रे त्यांना." आणि म्हणता म्हणता तिने फोन काढला.

दारात शैलेश उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी बोलेल. बाप त्याचाच होता ना. त्याने मान हलवली. कर की आई, काय जातंय, अशी.

भरल्या पानावरून मी कधी कोणाला उठवलं नाही. माझ्या सासूने नाही, तिच्या सासूने नाही. दाराशी आलेल्या भांडखोर माणसाला सुद्धा आमच्याकडे आधी जेवू घालतात आणि मग भांडतात. पण माझ्या तोंडातून निघून गेलं.

"उठा."

ते हसले.

"उठा म्हणते ना! उठा माझ्या पानावरून! चालते व्हा!"

मी त्या माणसाचं पान धरून ओढलं. भात पाटावर सांडला, कालवण त्याच्या मांडीवर गेलं. तो ओरडलासुद्धा नाही. हसत हसत मागे सरकला, मला फोनमध्ये जागा करून द्यायला. दुसऱ्याने उभं राहून फोन वर धरला. म्हातारी म्हणाली, "अगदी तशीच गं बाई, व्हिडिओतल्यासारखी." मी दुसरं पान ओढलं. मी रडत होते. मला बोलता येत नव्हतं, नुसतं बाहेर, बाहेर, एवढंच येत होतं.

मग टाळ्या सुरू झाल्या. पहिली टाळी दाराकडून आली. माझ्या शैलेशची.